पाणी उडते, खार राहतो



आपल्या यवतमाळकडे चैत्र-वैशाखात तळे आटते म्हणजे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी काठ सोडते, गाळ उघडा पडतो, गुरे चिखलात रुततात. मृग बरसला की तळे पुन्हा गोड्या पाण्याने भरू लागते. पण आपल्या विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे तळे आहे. त्याची रीत निराळी.

मी ते दोनदा पाहिले. एकदा वैशाखात, एकदा पोळ्यानंतर. आकाशातून पडलेल्या उल्केने काळ्या पाषाणात पाडलेला हा खड्डा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. झरे आणि पावसाचे ओहोळ त्यात उतरतात, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी निघते ते उन्हाने वाफ होऊन. वाफेबरोबर खार जात नाही. तो हजारो वर्षे साठत आला आहे.

म्हणून ऋतूबरोबर या पाण्याचे रूप पालटते. पावसाळ्यात गोडे पाणी मिसळून खारटपणा उतरतो. सूक्ष्म शेवाळामुळे पाणी हिरवे दिसते. हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी येतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि काठावर खाराची पांढरी पापडी धरते. पूर्वी लोक हा खार गोळा करीत. साबण आणि काच करण्याच्या कामी तो येई, असा उल्लेख अकबराच्या काळच्या ‘ऐन-ई-अकबरी’त आहे.

२०२० च्या जूनमध्ये तर हे पाणी गुलाबी झाले. लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यातच वाढणारे गुलाबी सूक्ष्म जीव आढळले. पाणी आटून खार दाट झाला की ते फोफावतात. पुढे पाऊस झाला आणि रंग ओसरला. इराणातले उर्मिया सरोवरही उन्हाळ्यात असेच लाल होते.

तुम्ही म्हणाल, आम्हा कापूस-तुरीवाल्यांना याचे काय? सांगतो. आमच्या वावराच्या सखल कोपऱ्यात ओलिताचे पाणी थांबू लागले, तशी तिथली पऱ्हाटी गुडघ्यावर वाढेना. खत दिले, बियाणे बदलले, गुण येईना. शेवटी भावजयीने उन्हाळ्यात तिथली पांढरी माती बोटाने जिभेला लावली आणि म्हणाली, “भाऊजी, हे त खारं लागते!”

लोणारात जे घडते तेच त्या कोपऱ्यात घडत होते. पाण्याला वाट नव्हती. ते उडत होते आणि खार मागे राहत होता. आम्ही माती तपासून घेतली, उताराकडे खोल चर काढला, शेणखत घातले. दोन पावसाळे गेले. आता पऱ्हाटी कमरेला लागते.

लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. बहुतेक पिकांना साडेसहा ते साडेसात मानवतो. मातीचा सामू साडेआठच्या वर गेला, की जमीन चोपण होऊ लागली असे समजावे. मग जिप्सम किती घालायचे, हे तपासणीवरूनच ठरवावे. शेजाऱ्याने घातले म्हणून आपण घालू नये.

तेव्हा मंडळी, यंदा पेरणीच्या आधी आपल्या वावराचा सखल कोपरा एकदा पाहून या. पांढरे दिसले, तर पाऊस पडण्यापूर्वी मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीला द्या, आणि साचलेल्या पाण्याला वाट काढून द्या.