जे लागेल ते मागून घ्यावं

डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा ते एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरचं असावं असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात सांगायची गोष्ट दोन ओळींत संपते. एखाद्या ऑब्जेक्टला कामासाठी दुसरं ऑब्जेक्ट लागत असेल, तर त्याने ते आतल्या आत तयार करू नये. बाहेरून, शक्यतो कन्स्ट्रक्टरमधून, मागून घ्यावं. या एवढ्याशा गोष्टीने माझी रोजीरोटी सावरली, म्हणून तिचं ऋण कधीतरी लिहून ठेवायचं होतं.

मी पुण्यात जावामध्ये वेब ॲप्लिकेशन लिहायचो. काम गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचं: मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीवरचं व्याज. कॉलेजात ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकलो होतो, म्हणजे इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझमच्या व्याख्या पाठ होत्या. व्याज काढणारा माझा क्लास बाहेरून मोठा गोंडस दिसायचा. कन्स्ट्रक्टर रिकामा, मेथड एकच; तिला सभासदाचा क्रमांक द्या, रक्कम घ्या. आत मात्र तो स्वतःच डेटाबेसचं कनेक्शन उघडायचा, एका सिंगल्टनकडून व्याजदर आणायचा, सिस्टिमला आजची तारीख विचारायचा आणि जाता जाता सभासदाला ईमेलही धाडायचा. वापरणाऱ्याला यातलं काही कळत नाही याचं मला कौतुक वाटे. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. या क्लासची टेस्ट लिहायची म्हणजे डेटाबेस हवा, मेल सर्व्हर हवा. म्हणून टेस्ट नव्हतीच. ब्राउझरमध्ये बिल उघडून बघायचं, झालं.

2011 च्या अखेरीस आमच्या टीममध्ये एक सीनियर आले. बोलणं बेताचं. एका दुपारी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "व्याज आजच्या तारखेपर्यंतचं काढतोस ना? ही आजची तारीख येते कुठून?"

"सिस्टिमकडून, सर."

"बरं. येता फेब्रुवारी 29 दिवसांचा आहे. त्याचं व्याज बघितलंस?"

मशीनची तारीख पुढे करून बघतो, म्हणालो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आणि कोडला हात लागला की दर वेळी पुन्हा तेच करणार? त्याला तारीख बाहेरून दे की."

मग त्यांनी माझ्याकडूनच ते करून घेतलं. घड्याळ नावाचा एक छोटा इंटरफेस, त्यात एकच मेथड: आज कोणती तारीख. खरं ॲप्लिकेशन चालेल तेव्हा खरं घड्याळ द्यायचं. टेस्टमध्ये असं द्यायचं की जे कधीही विचारलं तरी 29 फेब्रुवारी 2012 हेच सांगेल. थकबाकी आणून देणाऱ्या भागालाही तसाच इंटरफेस, आणि टेस्टमध्ये त्याच्या जागी एका सभासदाची साधी यादी. ईमेलचा भाग त्यांनी तिथून उचलायलाच लावला. व्याज काढणाऱ्याने पत्र का पाठवावं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्याजदराचा सिंगल्टन तेवढा राहिला. तो अर्ध्या प्रोजेक्टमध्ये पसरलेला होता; टेस्ट सुरू होण्याआधी त्यात दर भरून घ्यायचा, अशी तोडगेबाजी करून वेळ मारून नेली.

आता टेस्ट लिहायची. थकबाकी 10,000 रुपये, मुदत 31 जानेवारीला संपलेली, दर सालीना 21 टक्के. उपविधींत तेव्हा तीच कमाल मर्यादा होती. 29 दिवसांचं सरळव्याज किती यायला हवं? कॅल्क्युलेटर काढून मी 166 रुपये 85 पैसे लिहिले. सर म्हणाले, "वर्ष 365 दिवसांचं धरलंस. यंदा 366 आहेत." तसं धरलं तर 166 रुपये 39 पैसे. फरक 46 पैशांचा, पण बरोबर कोणतं? आमच्या कागदपत्रांत याचा उल्लेखच नव्हता. शेवटी एका सोसायटीच्या खजिनदारांना फोन केला. त्यांनी जुन्या वह्या काढून सांगितलं, कायम 365 च धरत आलोय, तसंच ठेवा. टेस्टने कोडमधली चूक पकडली नव्हती. कोणी ठरवलीच नव्हती अशी गोष्ट तिने बिल छापायच्या आधी विचारायला लावली होती. टेस्ट म्हणजे काम झाल्यावरची तपासणी, हा माझा समज त्या फोनपाशी मोडला.

पुढे सरांनीच वाचायला दिलं. मार्टिन फाउलर यांचा जानेवारी 2004 मधला लेख, ज्यातून डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव रूढ झालं. त्याच वर्षीचं मायकेल फेदर्स यांचं लेगसी कोडवरचं पुस्तक. टेस्ट नसलेला कोड तो लेगसी कोड, ही त्यांची व्याख्या वाचून कळलं की मी कालपरवा लिहिलेलंही त्यातच मोडतं. आणि गूगलमधल्या मिश्को हेवरी यांची 2008 ची व्याख्यानं. बिझनेस लॉजिक आणि न्यू हा कीवर्ड एका जागी कालवू नका. लागणारी वस्तू शोधत फिरू नका, मागा. सिंगल्टन खोटं बोलतात, असं ते म्हणत. क्लासला खरोखर काय काय लागतं ते त्यांच्यामुळे दिसतच नाही. हे मला घरच्या उदाहरणानेच उमगलं. लग्नाचा आचारी सामानाची यादी आधी हातात देतो. कन्स्ट्रक्टर म्हणजे ती यादी. माझा क्लास यादी न देता मध्येच पदर खोचून बाजारात जाणारा होता.

यानंतर शहाणा झालो म्हणावं, तर तसंही नाही. स्प्रिंग वापरायला लागलो आणि सोय अंगात मुरली. प्रायव्हेट फील्डवर ऑटोवायर्डचं ॲनोटेशन ठोकायचं, बाकी फ्रेमवर्क बघून घेईल. कन्स्ट्रक्टर पुन्हा रिकामा, क्लास पुन्हा गोंडस, आणि टेस्टमध्ये ते फील्ड भरायला रिफ्लेक्शनची कसरत. त्या काळात मॉक ऑब्जेक्टही इतके वापरले की काही टेस्ट कोडचीच नक्कल करत बसायच्या. त्यांतून काय सिद्ध होतं ते मलाही सांगता आलं नसतं. सरांनी एका रिव्ह्यूमध्ये एवढंच लिहिलं, "स्प्रिंगशिवाय हा क्लास उभा करून दाखव." त्यासाठी सगळी फील्डं कन्स्ट्रक्टरमध्ये घेतली तेव्हा यादी स्क्रीनबाहेर गेली. माझा पहिला विचार, हे तंत्रच वाईट. मग यादी पुन्हा वाचली. पावतीचा पीडीएफ, एसएमएस, बँकेची फाइल, व्याज, सभेची नोटीस. पाच जणांची कामं मी एकाच्या गळ्यात बांधली होती, आणि फील्डांवरच्या ॲनोटेशनांनी ते नीट झाकून ठेवलं होतं. क्लासचे तुकडे केले. माझ्या मते या पद्धतीचा खरा उपकार इथे आहे. टेस्ट सोप्या होतात हे खरंच, पण लांबलेला कन्स्ट्रक्टर लिहिणाऱ्याला जी लाज आणतो, ती दुसऱ्या कशाने येत नाही.

मार्च 2014 मध्ये जावा 8 आलं. तारीख-वेळेच्या नव्या लायब्ररीत क्लॉक नावाचा क्लास होता, आणि जिथे आत्ताची वेळ लागते तिथे तो बाहेरून द्यावा, अशी शिफारस त्याच्या अधिकृत माहितीतच छापलेली होती. एका जागी थांबवून ठेवता येणारं घड्याळही त्यात तयार होतं. आमचा हाताने लिहिलेला इंटरफेस मी काढून टाकला. सर तोवर दुसऱ्या शहरात गेले होते. राहवलं नाही म्हणून त्यांना मेल केला: तुम्ही शिकवलेलं घड्याळ आता जावातच आलंय, आणि 29 फेब्रुवारीची टेस्ट अजून पास होते. खाली आभाराचे चार शब्द लिहिले, जे समोर असताना कधी बोललो नव्हतो.

संध्याकाळी उत्तर आलं. "छान. व्याजदर अजून सिंगल्टनकडूनच घेतोस का?"

घेत होतो. तो काढायला हात घातला तो त्या मेलनंतर.