खालाच्या नावातलं 'बी'

खालू गेले त्या दिवशी कब्रस्तानातून परत येताना गावातले एक निवृत्त सुभेदार माझ्याजवळ आले. आम्ही सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणतो. खालच्या आवाजात म्हणाले, "डिस्चार्ज बुक कुठं ठेवलंय तेवढं बघा. आणि त्यात तुमच्या खालाचं नाव कसं लिहिलंय, तेही बघा." मला त्यांचा राग आला. कबरीवरची माती अजून ओली होती आणि हे कागदांचं बोलत होते. पुढं कित्येक महिने तो राग आठवून माझी मलाच लाज वाटत राहिली.

खालू सैन्यात 24 वर्षं होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि नंतर साखर कारखान्यावर सुरक्षारक्षक राहिले. गेले तेव्हा वय 61. घरात त्यांची एक काळी पत्र्याची ट्रंक होती. तिला हात लावायची कुणाची हिंमत नसे. ती आम्ही पहिल्यांदा उघडली ती ते गेल्यावर. डिस्चार्ज बुक सापडलं, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ सापडला, लग्नानंतर काढलेला जोडीचा फोटोही सापडला.

खालाचं खरं नाव इथं लिहीत नाही. समजा, जैतून. तर सैन्याच्या कागदात 'जैतून', आधार कार्डावर 'जैतूनबी', बँकेच्या पासबुकावर 'जैतुनबी' आणि रेशनकार्डावर 'जैतून बेगम'. जन्मसालातही चार वर्षांचा फरक. आपल्या घरांत हे नवं नाही. लग्न झालं की नावाला 'बी' चिकटतं, कुणी मानानं 'बेगम' लावतं, मास्तर ऱ्हस्व लिहितात, तलाठी दीर्घ. नवरा जिवंत असेपर्यंत त्यानं कुणाचं काही अडत नाही. तो गेला की तीच बाई चार बायका होऊन उभी राहते आणि यातली खरी कोण, हे तिनंच सिद्ध करायचं असतं.

चूक एका माणसाची नव्हती. निकाहानंतर खालूंनी युनिटमध्ये कळवलं, तिथं 'पार्ट टू ऑर्डर' निघाली आणि बायकोचं नाव नोंदलं गेलं. एवढं त्यांनी चोख केलं होतं. पुढं आधार आलं, पॅन आलं, पेन्शन ऑनलाइन 'स्पर्श' प्रणालीवर गेली, पण जुनं नाव नव्या नावाशी जुळवून बघायचं कुणाला सुचलं नाही. आम्हा शिकलेल्यांनाही नाही.

आणखी एक चूक आमच्या घरानं केली. खालू गेल्यावरही दोन महिने त्यांची पेन्शन खात्यात जमा झाली. मावसभावानं एटीएममधून ती काढली. दवाखान्याची उधारी होती, चाळीसाव्याचा खर्च होता. त्याला वाटलं, अब्बांचीच तर आहे. पण पेन्शन पेन्शनरच्या मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच असते. मृत्यू ताबडतोब कळवायचा असतो आणि जास्त जमा झालेली रक्कम परत जाते. आमचीही गेली.

जियारतीच्या दिवशी खालाच्या दिरांनी विषय काढला. वाईट मनानं नव्हे, पण काढला. म्हणाले, "शरीयतप्रमाणं बेवेला आठवा हिस्सा. मग पेन्शनचंही तसंच वाटप व्हायला पाहिजे ना?" घर, शेत, बँकेतली शिल्लक हा तर्का, मुलं असलेल्या विधवेचा त्यात आठवा हिस्सा, हे बरोबर. पण कुटुंब निवृत्तिवेतन हा तर्का नाही. मेलेल्या माणसाच्या मालकीचं ते कधी नव्हतंच. ते त्याच्या मृत्यूनंतर नियमानं थेट विधवेला सुरू होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हेच सांगितलं आहे की, कुटुंब निवृत्तिवेतन मयताच्या मालमत्तेत धरत नाहीत आणि मृत्युपत्र करूनही ते दुसऱ्याला देता येत नाही. मौलानासाहेबांना हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनीच दिरांची समजूत घातली.

इद्दतीचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. चार महिने दहा दिवस खाला उंबरठा ओलांडणार नाही, असं घरच्या बायकांनी ठरवून टाकलं होतं. मौलाना म्हणाले, गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर जायला हरकत नाही, रात्री घरी यावं. एवढं कळेपर्यंत दोन महिने गेले होते.

मग सुरू झाल्या फेऱ्या. सुभेदारकाका प्रत्येक वेळी बरोबर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बँक, तहसील. जैतून आणि जैतूनबी ही एकच बाई आहे असं प्रतिज्ञापत्र, जन्मतारखेचा पुरावा, मृत्यूचा दाखला, जोडीचा फोटो. एका खिडकीवर कागद घेतले, दुसरीकडून परत आले. शपथ घेताना खालानं मला हळूच विचारलं, "बेटा, वो गये तो मेरा नामच गया क्या?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या काळात तिच्या कानातले सोनाराकडं गहाण पडले. साखरेच्या गोळ्या ती एक दिवसाआड घ्यायला लागली होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

अकराव्या महिन्यात पैसे आले, थकबाकीसकट. रक्कम कशी ठरते तेही तेव्हाच कळलं. खालूंना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन होती. निवृत्त सैनिक गेल्यावर विधवेला शेवटच्या पगाराच्या 50 टक्के सात वर्षं, किंवा सैनिकाचं वय 67 झालं असतं त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर मिळतं. पुढं 30 टक्के. खालाला म्हणजे सहा वर्षं निम्मं आणि मग तीस टक्के. त्यावर महागाई भत्ता वेगळा. मृत्यू सैनिकी सेवेमुळं झाला असेल तर 60 टक्के. लढाईत वीरमरण आलं तर शेवटचा पूर्ण पगार. विधवेचं वय 80 झालं की 20 टक्के वाढ, पुढं दर पाच वर्षांनी आणखी. म्हणून ते जन्मसालही महत्त्वाचं. चार वर्षांची चूक म्हणजे म्हातारपणी चार वर्षं तोटा.

काही नातेवाईक अजून म्हणतात, सरकारनं खालावर मेहरबानी केली. मला ते टोचतं. पेन्शन ही मेहरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1982 च्या नाकारा खटल्यातच सांगितलं. आणि खालानंही सेवा केलीच होती. खालू सीमेवर असताना दोन पोरं, आजारी सासू आणि पाटाच्या पाण्याची पाळी तिनं एकटीनं सांभाळली.

तरी माझा खरा राग कार्यालयांवर नाही, आपल्या गप्प बसण्यावर आहे. नवऱ्याच्या हयातीत बायकोनं कागद मागितले तर "माझ्या मरणाची वाट बघतेस का?" असं आपण विचारतो. ज्या कुरआनमधली सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, तो रोज वाचणारे आपण बायकोचं नाव नीट लिहिलंय का, एवढंही बघत नाही.

आमच्या मोहल्ल्यात तीन माजी सैनिक आहेत. गेल्या महिन्यात जुम्म्यानंतर सुभेदारकाका आणि मी मशिदीच्या ओट्यावर बसून तिघांचे पीपीओ आणि त्यांच्या बायकांची आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवून वाचली. दोघांची नावं जुळली नाहीत. एकाच्या नोंदीत बायकोची जन्मतारीखच नव्हती. तो हसत म्हणाला, "अजून मी धडधाकट आहे."

"म्हणूनच आत्ता," काका म्हणाले. "दुरुस्तीच्या अर्जावर तुझी सही लागते. नंतर कोण करणार?"

त्यानं तिथंच अर्जावर सही केली. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला खाला आता एकटीच जाते. नाव विचारलं की ती स्पष्ट सांगते, 'बी'सकट.