कुणाच्या हाती काय सोपवायचं?

सोलापुरात वालचंद कॉलेजच्या फाटकावरून जाताना त्या नावापाशी मन रेंगाळतं. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२, याच गावचे. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा.

त्यांना रेल्वेची कंत्राटं घ्यायची होती. पण रेल्वेची कागदपत्रं नि कामाची रीत जाणणारा माणूस हवा. तो मिळाला लक्ष्मणराव फाटक यांच्या रूपात. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, म्हणजे साहेबाच्या टेबलावरची फाइल कशी हलते हे त्यांना पाठ! भांडवल वालचंदांकडे, अनुभव फाटकांकडे. मालकानं सगळं स्वतःच शिकायचं म्हटलं असतं, तर पहिलं काम सुरू व्हायलाच वर्षं गेली असती.

१९४० मध्ये बंगळूरला वालचंदांची हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली, तेव्हाही हेच. विमानबांधणीचं तंत्र अमेरिकेच्या विल्यम पॉली यांच्याकडे सोपवलं. वालचंदांनी विमानाचा स्क्रू पिळण्याचा हट्ट धरला नाही. म्हैसूर संस्थानाला भागीदार करून घेणं, सरकारचा होकार मिळवणं मात्र त्यांनी स्वतः पाहिलं.

मग स्वतःकडे काय ठेवायचं? जिथे नाव आणि पत पणाला लागते, ते. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. जहाज कप्तानानं हाकलं; पण त्या पहिल्या सफरीत वालचंद जातीनं जहाजावर होते.