पेंचच्या अरण्यांतील रस्ता

यंदा जबलपुरास आमच्या भाच्याच्या मुलाची मुंज होती. नागपुराहून पुतण्याच्या मोटारींतून आम्ही सहकुटुंब निघालों. मनसर येतांच उजव्या हातास रामटेकचा डोंगर दिसला. कालिदासाचा रामगिरि तो हाच, असें पुष्कळ पंडित मानितात. येथूनच यक्षाचा मेघ उत्तरेस निघाला. परंतु मेघास रस्ता लागत नाहीं, मोटारीस लागतो, आणि तंट्याचें मूळ तेथेंच आहे.

देवलापारच्या पुढें 44 क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या व्याघ्रांच्या अरण्यांतून जातो. तो चौपदरी करावयाचें ठरलें तेव्हां, रस्ता छिंदवाड्याकडून वळवावा, असा निसर्गप्रेमी मंडळींचा आग्रह होता. प्रकरण न्यायालयांत गेलें. अखेर रस्ता सरळच गेला आणि झाडें पडलीं. मात्र महाराष्ट्राच्या हद्दींत सुमारें 16 किलोमीटरांत 9 ठिकाणीं तो खांबांवर उचलून धरिला आहे. सर्वांत लांब पूल 750 मीटरांचा. खालून जनावरांनीं जावें, वरून आपण! पुलांखालीं कॅमेरे लावून पाहिलें, तों 2019 सालांत 18 जातींचीं रानटी जनावरें ये-जा करितांना आढळलीं. त्यांत वाघहि होता.

हें ऐकून समाधान वाटलें, तरी मन पुरतें निवळलें नाहीं. दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, असें आम्ही तीस वर्षें मुलांस घोकविलें. नकाशावर पट्टी ठेवून अरण्य कापणारे आमच्याच वर्गांतून गेले नसतील कशावरून? वळसा पडता तर आम्हांस मुंजीस थोडें उशिरा पोहोंचावें लागतें, इतकेंच.

खवासा ओलांडून मध्यप्रदेशांत शिरलों, तों पुलाच्या दोन्ही अंगांस चार मीटर उंच भिंती. मोटारींचा गोंगाट व दिव्यांचा झोत खालीं जाऊं नये म्हणून त्या उभारिल्या आहेत.

"अहो, जंगल दाखवितों म्हणालांत, आणि ही भिंत पाहायला आणलंत होय?" सौभाग्यवतींनीं विचारलें.

उत्तर सुचेना. वास्तविक ती भिंत आमच्यासाठीं नव्हतीच.

पुढें भिंत संपली. रस्त्याच्या कडेस वानरें बसलेलीं दिसलीं. कोणीतरी खाऊ टाकण्याची त्यांस संवय लागलेली दिसली. नातीच्या हातांत संत्र्याची फोड होती. तिनें कांच खालीं करावयास घेतली.

"काका, तिला आवरा," पुतण्या म्हणाला, "त्यासाठीं तीं डांबरावर येतात आणि चिरडतात."

नात रुसली. फोड आम्हीच खाल्ली. सालें मात्र पिशवींत घालून शिवनीपर्यंत नेलीं.