पायांतले बूट



माउलींच्या पालखीबरोबर मी बावीस वर्षे चालतो आहे, आणि तेही अनवाणी. वडील तसेच चालले, म्हणून मीही. मधुमेह जडून बारा वर्षे झाली. पहिल्या डॉक्टरांनी वारीचं नाव काढताच "बंद करा" एवढंच म्हटलं. मी मान हलवली आणि वारीला गेलो. पुढे ते विचारीनात, मी सांगेना.

ज्येष्ठ वद्य एकादशीला बहुधा पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा येतो, आणि त्यात दिवे घाट. पोटात उपवास, मधुमेहाची गोळी मात्र रोजची. एका वर्षी घाटात मला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, जीभ अडखळली. साखर उतरली होती. दिंडीतल्यांना वाटलं, बुवांचा भाव दाटून आला! एका माउलीने तोंडात गूळ कोंबला म्हणून वाचलो. हेही मी डॉक्टरांपासून लपवलं.

गेल्या वर्षी नव्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी मला डोळे मिटायला लावले, माझं पाऊल हातात धरलं आणि नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवत म्हणाल्या, "कळलं की बोला." मी चार वेळा बोललो. त्यांनी दहा ठिकाणी टेकवला होता.

"काटा रुतला तरी तुम्हाला कळणार नाही, बाबा. जखम चिघळली तर बोट जातं, कधी पाय."

मी हात जोडले. "बाई, तुम्ही सांगाल ते. तुम्हीच माझे पांडुरंग."

"मला देव करू नका. देवाला सगळं ठाऊक असतं, मला तुम्ही सांगाल तेवढंच. काय सुटलं तर वारी घडली असं तुम्हाला वाटणार नाही?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी बराच वेळ गप्प बसलो. अनवाणी चालणं, असं ओठांवर आलं होतं. निघालं ते वेगळंच: "वीणेच्या मागून चालणं."

मग ठरलं. पायांत बूट, रोज मुक्कामाला तळवे तपासायचे, जखम दिसली तर चालणं बंद. रिंगणावरून मात्र आमचं जुंपलं. तिथली माती तरी पायाला लागू दे, म्हटलं. त्या ऐकेनात. शेवटी मीच म्हणालो, कपाळाला लावीन. एकादशीच्या गोळीचंही तेव्हा सांगून टाकलं. उपवासाच्या दिवसापुरती त्यांनी ती बदलली, खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली. (ती गोळी माझ्यापुरती. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं.)

बुटांची पहिले दोन दिवस फार लाज वाटली. दिंडीतला एक पोरगा रोज रात्री बॅटरी घेऊन यायचा, आधी पाया पडायचा, मग तळवे बघायचा. नातेपुत्याला त्याला टाचेवर फोड दिसला. मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिंडी पुढे गेली. मी ट्रकमध्ये तांदळाच्या पोत्यावर बसलो आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. पुढचं काय करायचं ते ठरवायला आम्ही पुन्हा बसलो, त्या दवाखान्यात, मी पोत्यावर.