कसाऱ्याहून परत

माझे वडील वसईतील आमच्या वाडीतली फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात नेत असत. घरापासून स्टेशनपर्यंतचा प्रवास सायकलवर होई. मागच्या कॅरिअरला फुलांची करंडी बांधलेली असे आणि करंडीखाली प्लास्टिकचा एक जुना कागद चार घड्या घालून ठेवलेला असे. तो कागद बारा महिने तेथेच असायचा. नाताळच्या दिवसांत किंवा ऐन एप्रिलमध्येही तो त्यांनी कधी काढून ठेवला नाही. आम्ही भावंडे त्यांची थट्टा करीत असू. ते एवढेच म्हणत, "पाऊस काय विचारून येतो?" या वाक्याचा अर्थ मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, कसारा घाटाच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीत थरथरत बसलो असताना कळला. तीच हकिकत वाचकांना सांगायची आहे.

सायकल माझ्या आयुष्यातून मधल्या काळात जवळजवळ नाहीशी झाली होती. गोरेगावच्या सेमिनरीतील शिक्षण संपले, गुरुदीक्षा झाली, पहिल्या धर्मग्रामात काही वर्षे घरभेटींसाठी सायकल वापरली. पुढे स्कूटर आली आणि सायकल पडवीत गंजत राहिली. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी रक्तातील साखरेकडे बोट दाखवले, तेव्हा मी पुन्हा पायडलवर पाय ठेवला. याच सुमारास आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मला 'ब्रेव्हे' या प्रकाराची माहिती दिली. हा तरुण वीजजोडणीची कामे करतो. वर्षभर पैसे साठवून त्याने एक चांगली सायकल घेतली होती.

ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. तिच्यात पहिला-दुसरा असे क्रमांक नसतात. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या बळावर आणि स्वतःच्या सामानानिशी पुरे करायचे, एवढीच अट. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास. वाटेत ठरावीक ठिकाणी पोहोचून आपल्याजवळच्या कार्डावर शिक्का घ्यायचा. मागून मोटार घेऊन येणाऱ्या मदतनिसाला मज्जाव. सहप्रवाशाने मात्र अडल्यानडल्यास हात द्यायला हरकत नाही. फ्रान्समध्ये १९०४ साली स्थापन झालेला ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या साऱ्या उपक्रमाचे नियमन करतो. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याचा, सुमारे १२०० किलोमीटरचा, १८९१ साली सुरू झालेला मार्ग ही या मंडळींची पंढरी. ही यात्रा आता चार वर्षांतून एकदा भरते. २०२३ साली ती झाली, पुढची २०२७ साली आहे. या नियमांतील एक गोष्ट मला तेव्हाच लक्षात ठेवायला हवी होती. पाऊस पडला म्हणून वेळ वाढवून मिळत नाही.

ठाण्याहून निघून कसारा घाटाने इगतपुरीला जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, अशी २०० किलोमीटरची एक ब्रेव्हे २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात होती. दिवस शनिवार, सुटायची वेळ सकाळी सहा, संपायची साडेसात. म्हणजे रविवारच्या सकाळच्या मिस्साला मी वेदीपाशी हजर राहू शकत होतो. आम्ही दोघांनी नावे नोंदवली.

तयारी मी मन लावून केली, हे मला प्रामाणिकपणे म्हणता येईल. पुनरुत्थानाच्या सणानंतर लगेच सुरुवात केली. प्रथम निर्मळ, अर्नाळा अशा जवळच्या फेऱ्या. मग शनिवारी पहाटे वज्रेश्वरीपर्यंत. पावसाळ्यात एकदा वाड्यापर्यंत. वसईचा रस्ता तळहातासारखा सपाट, म्हणून चढाची सवय व्हावी यासाठी घोडबंदरच्या वाटेवरचा गायमुखाचा चढ पुन्हापुन्हा चढलो. त्या पावसाळ्याने बरेच शिकवले. कोरड्या रस्त्यावर पहिली सर आली की त्यावरचे तेल वर येते आणि रस्ता साबणासारखा होतो; पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे तर अधिकच निसरडी. चाकाची कड ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून उतारावर तो आधीपासून हलकेच दाबत राहावे म्हणजे कडेवरचे पाणी पुसले जाते. टायरमधली हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवावी. कार्ड आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत.

जायच्या आदल्या रात्री मी सामान टेबलावर मांडले. दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, हातपंप, पाने, पुढचा-मागचा दिवा, चमकणारे जाकीट, मीठ-साखरेच्या पुड्या आणि वाटेत खायला आमच्या वसईची सुकेळी. शेवटी रेनकोट राहिला. तो पिशवीत घातला तेव्हा पिशवीची चेन लागेना. खिडकीतून पाहिले, तर आभाळ निरभ्र होते. शेजारच्या शेतात भातकापणी सुरू झालेली. चार दिवस पावसाचा थेंब नव्हता. हवामान खात्याच्या अंदाजात ठाणे-नाशिक पट्ट्यात दुपारी गडगडाटासह सरींची शक्यता दिली होती. मी ती वाचली आणि 'शक्यताच ती' असे म्हणून बाजूला सारली. खरे सांगायचे तर आणखी एक विचार मनात होता. पस्तिशीच्या आतल्या मंडळींबरोबर जायचे आहे, तेव्हा आपली पिशवी म्हाताऱ्याच्या गाठोड्यासारखी दिसू नये. रेनकोट कपाटात गेला.

परतीच्या पावसाला तारीख नसते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या मुंबईतून माघारीची सरासरी तारीख हवामान खात्याने २०२० साली २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. सरासरी म्हणजे काही वर्षी आधी आणि काही वर्षी बरीच नंतर. २०१९ साली तर ऑक्टोबरच्या अखेरीस 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात उठली आणि कापलेले भात शेतात भिजले, हे शेतकऱ्यांच्या घरांतून मी डोळ्यांनी पाहिले होते. या दिवसांत सकाळ स्वच्छ असते, दुपारी ऊन भाजून काढते. त्या तापलेल्या हवेला समुद्राकडची ओल मिळते, सह्याद्री तिला वर ढकलतो आणि तास-दोन तासांत ढगांचे डोंगर उभे राहतात. हे सारे मला माहीत होते. माहीत असणे आणि तयार असणे यांत किती अंतर आहे, ते मला दुसऱ्या दिवशी कळायचे होते.

सकाळ फारच सुंदर गेली. शहापूर मागे पडले. आटगाव-खर्डीच्या पुढे ऊन वाढले. घाट आम्ही सावकाश, मध्ये दोनदा थांबून चढलो आणि बाराला दहा मिनिटे असताना इगतपुरीला शिक्का घेतला. ते ठाणे बंद व्हायला अजून पाऊण तासाहून अधिक वेळ होता. जेवताना मी त्या तरुणाला मोठ्या ऐटीत म्हणालो, "आता काय, उतारच उतार." त्याने डोंगराकडे बोट दाखवले. तिकडे काळोख दाटला होता.

घाटाच्या माथ्यावर आम्हांला पावसाने गाठले. सर नव्हे, भिंतच. विजा कडाडू लागल्या. त्याने आपले जाकीट अंगावर चढवले आणि मला विचारले, "फादर, तुमचा रेनकोट?" मी म्हणालो, "घरी." तो काही बोलला नाही. आडोसा शोधून थांबू या असे त्याने सुचवले. मी मात्र लवकर खाली उतरलेले बरे, असे म्हणून पुढे निघालो. ही माझी दुसरी चूक. चढावर शरीर काम करते, ऊब निर्माण होते. उतारावर पाय स्वस्थ असतात आणि ओल्या अंगावर वारा आदळत राहतो. थंडी बाधायला हिमालयच लागतो असे नाही. कसाऱ्याला पोहोचलो तेव्हा बोटे ब्रेकवरून सुटत नव्हती आणि दातांवर दात आपटत होते.

त्याने मला एका टपरीत बसवले. माझा ओला सदरा काढायला लावला, टपरीवाल्याकडची जुनी वर्तमानपत्रे माझ्या छातीपाठीला गुंडाळली आणि वरून स्वतःचे जाकीट मला घातले. स्वतः तो ओल्या बनियनवर राहिला. तीन पेले गोड चहा पोटात गेल्यावर मी घड्याळ पाहिले. सव्वादोन वाजले होते. उरलेले अंतर सुमारे ८५ किलोमीटर, हातात सव्वापाच तास. हिशेब जमत होता. मी उठलो आणि म्हणालो, "चल, निघू या."

तो शांतपणे म्हणाला, "फादर, आधी हेल्मेटचा पट्टा लावा."

मी पट्टा लावू लागलो. बोटे जुमानेनात. दोन्ही टोके हातात असूनही ती जुळत नव्हती. बोलताना जीभ जड झाल्याचे माझे मलाच जाणवले.

"तुम्ही निघालात तर मीही येणार," तो म्हणाला. "जाकीट मात्र तुमच्याच अंगावर राहील. काय ते तुम्ही ठरवा."

त्या क्षणी मला लाज वाटली. आजवर मी या प्रश्नाचा विचार केवळ माझ्या संदर्भात केला होता. पाऊस आला तर मी भिजेन, त्यात काय मोठे? पण भिजण्याची पाळी आली होती त्याच्यावर. मी त्याला एकट्याने पुढे जाण्याविषयी विनवले. जाकीट परत देऊ केले. तो हसून म्हणाला, "तुम्हांला या अवस्थेत इथे सोडून गेलो तर आई मला घरात घेईल का?" आम्ही आयोजकांना दूरध्वनी करून माघार कळवली. कसाऱ्याला लोकल सुटते, हे आमचे भाग्य. सायकलींची तिकिटे काढून दोघेही सामानाच्या डब्यात जमिनीवर बसून परतलो. त्याच्या कार्डावर एकच शिक्का होता. ते कार्ड त्याने पिशवीतून काढून एकदा पाहिले आणि पुन्हा ठेवून दिले. कल्याण येईपर्यंत मी त्याच्याशी बोलू शकलो नाही.

शुभवर्तमानातील दहा कुमारिकांच्या दाखल्यावर मी आजवर कितीतरी प्रवचने दिली असतील. शहाण्या कुमारिका आपले तेल दुसऱ्यांना देत नाहीत, ही गोष्ट मला मनातून नेहमी खटकत आली. ख्रिस्ती माणसाने वाटून घेऊ नये काय, असा प्रश्न मी तरुणपणी प्राध्यापकांनाही विचारला होता. कसाऱ्याच्या टपरीत त्याचे एक उत्तर मला मिळाले. त्या तरुणाने आपले तेल मला दिले. ते दोघांना पुरले नाही आणि दोघांचेही दिवे विझले. त्याने दिले हे त्याचे मोठेपण. पण त्याच्यावर ती वेळ आणली मी. आपल्या तयारीतली उणीव आपल्यापुरती राहत नाही. आपण घरी ठेवलेल्या रेनकोटाचा पाऊस शेजारच्या माणसाच्या अंगावर पडतो.

आभाळाचा रंग पाहून हवा ओळखणाऱ्यांना काळाची चिन्हे मात्र ओळखता येत नाहीत, असे प्रभूने आपल्या काळच्या लोकांना सुनावले होते. मला तर आभाळाची चिन्हेही वाचून न वाचल्यासारखी करता आली. याचे कारण अज्ञान नव्हते. मला जे दिसायला हवे होते तेच मी पाहत होतो. सेमिनरीत रोज रात्री आत्मपरीक्षण करायला शिकवत. आता वाटते, प्रवासाच्या आदल्या रात्री पिशवी भरणे हाही त्याचाच एक प्रकार आहे. प्रत्येक वस्तू घेताना वा वगळताना विचारावे: हे मी का वगळतो आहे? गरज नाही म्हणून, की कोणी हसेल म्हणून?

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्या तरुणाने दुसऱ्या मार्गावर २०० किलोमीटर पुरे केले. मी शेवटच्या ठिकाणी कोरडा टॉवेल आणि थर्मासभर चहा घेऊन उभा होतो. वेळ संपायला चाळीस मिनिटे असताना तो आला. मला पाहून म्हणाला, "फादर, आज पाऊस नव्हता, तरी तुमच्यासाठी एक जादा जाकीट आणलं होतं." त्या विनोदातला चिमटा मी आनंदाने सहन केला.

माझे स्वतःचे २०० किलोमीटर अजून बाकी आहेत. येत्या ऑक्टोबरात पुन्हा नाव नोंदवायचे आहे. या वेळी तयारीचा क्रम बदलला आहे. तीन दिवस आधीपासून अंदाज पाहायचा, निघायच्या सकाळी रडारची चित्रे पाहायची; गडगडाट ऐकू आला की झाडाखाली नव्हे, पक्क्या छपराखाली थांबायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचे नाही, मग शिक्का मिळो वा न मिळो. कोणत्या ठिकाणाहून आणि कोणत्या अवस्थेत माघार घ्यायची, हे घरीच, कोरड्या अंगाने ठरवून कागदावर लिहायचे, कारण गारठलेल्या डोक्याला ते ठरवता येत नाही.

आणि पिशवीत सर्वांत आधी रेनकोट जातो. परवा वाडीतील जुन्या घरी गेलो असता पडवीत वडिलांची सायकल दिसली. चाके गेली आहेत, साखळी गंजली आहे. कॅरिअरच्या पट्टीखाली प्लास्टिकचा तो कागद अजून अडकलेला आहे. घड्या तशाच आहेत.