आधी बोट, मग एक्सरे

राजापुरात पाय तपासायचा तर पायाखालची जमीनही ध्यानात घ्यावी लागते. जांभ्याच्या पाखाड्या, सड्यावरचा खडबडीत कातळ, पावसाळ्यात पायऱ्यांवर धरणारं शेवाळ. त्यावरून डोक्यावर भारा घेऊन उतरणाऱ्या बाया. ‘पाय मुरगळला’ म्हणत कुणी आलं, की घोट्याबरोबरच मी त्याच्या पुढचं एक हाड हमखास चाचपते. आतल्या घोट्यापासून बोट पुढे-खाली सरकवलं, की साधारण दोन बोटांवर उंचवटा लागतो. तो नॅव्हिक्युलरचा, म्हणजे नौकाकृती हाडाचा.

त्याच्या मागे टॅलस, पुढे तीन क्युनिफॉर्म हाडं. पावलाच्या आतल्या कमानीत कळीच्या दगडाची जागा याची. पोटरीतून आतल्या घोट्यामागून येणारी टिबियालिस पोस्टेरिअरची कंडरा मुख्यतः याच उंचवट्याला धरते आणि टाच उचलताना पाऊल ताठ ठेवते. ती झिजली की कमान बसते, पाऊल बाहेर वळतं.

या हाडाला रक्त कडांकडून मिळतं. मधल्या भागात ते तोकडं पडतं. सततच्या ताणाने येणारी बारीक भेग नेमकी तिथे पडते आणि भरायला वेळ घेते. पोलीसभरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांत मी हे दुखणं शोधतेच. पावलाच्या वरच्या बाजूला मोघम दुखतं, विश्रांती घेतली की थांबतं, पळायला लागलं की परत येतं. साधा एक्सरे बऱ्याचदा स्वच्छ असतो. मात्र पावलाच्या पाठीवर या हाडाच्या माथ्यावर बोट दाबलं की पोरगा पाय ओढून घेतो. अशा वेळी मी एक्सरेपेक्षा बोटावर विश्वास ठेवते, सीटी किंवा एमआरआय सांगते आणि तोवर त्या पायावर भार टाकू देत नाही. भेग निघाली आणि ती सरकलेली नसली, तर 6 ते 8 आठवडे प्लास्टर आणि पाय अधांतरी. भरतीची तारीख जवळ आलेल्या पोराला हे पटवणं हा उपचारातला सर्वांत अवघड भाग.

लहान मुलांचं गणित वेगळं. घोट्याखालच्या सात हाडांत हे सर्वांत उशिरा हाडाचं रूप घेतं. 4 ते 7 वर्षांचं मूल लंगडतं, एक्सरेत हाड चपटं आणि दाट दिसतं, आईबाप घाबरतात. हा कोहलर आजार. तो आपोआप बरा होतो. दहातल्या एखाद्याला इथे जन्मतःच जादा हाड असतं. त्याची कड गुळगुळीत असते, ते मोडलेलं नसतं.

मधुमेह्यांबाबत मात्र उलटा नियम पाळावा. संवेदना गेलेली असली तर हाड ढासळत असतानाही पाय फारसा दुखत नाही. तो नुसता सुजतो आणि गरम लागतो.

म्हणून विनंती एवढीच: पावलाच्या मधोमध दुखत असेल, तर तेल लावून रगडू नका. भार काढा आणि दाखवायला या. मधुमेह असेल, तर दुखण्याची वाटही पाहू नका.